रुईच्या वखारीतली भुजज्या

लोकांना हिवाळ्यात सर्दी होते, मला त्रिकोणमिती होते.

हसू नका. मार्गशीर्ष लागतो, पहिल्या वेचणीच्या बैलबंड्या भातकुलीकडून अन् अंजनगावाकडून अमरावतीच्या वाटेला लागतात, आणि वाटेवरची प्रत्येक बाभूळ येणाऱ्या-जाणाऱ्या बंडीतून मूठमूठ कापूस ओरबाडून घेते. चार दिवसांत ती काटेरी झाडं म्हाताऱ्यांसारखी पिकतात. तो पांढरा भुरका हवेत तरंगू लागला की आधी माझ्या नाकाला कळतं, मग डोळ्यांना, आणि मग डोक्यात कुठेतरी खडू करकरतो: भुजज्येचा वर्ग अधिक कोटिज्येचा वर्ग बरोबर एक. काल बाजारातून आलो तो शिंकतच. बायको काढा ठेवायला उठली. म्हटलं, "बस वं. हे काढ्यानं जात नसते."

या दुखण्याला आता बावीस-तेवीस वर्षं झाली.

तेव्हाची वर्षं कापसाची होती. सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत आपसांतच लढाई जुंपली, तिकडचा कापूस थांबला, आणि विलायतेच्या गिरण्यांची सगळी भूक वऱ्हाडच्या काळ्या मातीवर येऊन पडली. आम्हाला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. एवढंच दिसे, की काल ज्याला कुणी बसायला म्हणत नव्हतं त्याच्यावर आज तीन दलाल छत्र्या धरून उभे आहेत. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. आमच्या गावच्या एका गड्यानं तर मोटेच्या नाड्याला रेशमी गोंडे बांधले, आणि बैल त्या गोंड्यांना असे बुजले की दोन दिवस मळ्याला पाणी नाही. बघ्यांची गर्दी मात्र झकास जमली. मीही होतो.

अशा हंगामात, सगळं वऱ्हाड कापसामागे धावत असताना, मी वीस वर्षांचा धडधाकट माणूस एका खोलीत बसून कोन मोजत होतो.

त्याचं कारण माझा बाप. आमचा भातकुलीला भाजीचा मळा; वांगी, मेथी, कडेनं झेंडू. सरकारनं तेव्हा वऱ्हाडातली शेतं मोजायला काढली होती. ज्याला साखळी ओढता येईल, कोन घेता येईल, त्रिकोणावरून लांबी काढता येईल, त्याला मोजणीत कायमची जागा होती. त्यासाठी अमरावतीत एक वर्ग निघाला. बाप म्हणाला, "हे कापसाचं येड चार दिवसाचं हाय. तू मोजनी शीक. शेतं काई पयून जात नाईत." आणि मला अमरावतीला मामाकडे ठेवून तो आला तसा परत गेला.

वर्ग भरे तो एका व्यापाऱ्याच्या वखारीत. दसऱ्याच्या आधी त्यानं चांगली लांबरुंद खोली दिली होती. दिवाळी झाली, रुई यायला लागली, तसा तो हात जोडून दारात उभा राहिला. "मास्तर, एका कोपऱ्यात रुईचे चार बोरे ठेवू द्या जी." चाराचे चाळीस झाले. दर आठवड्याला बघावं तर खोली हातभर लहान झालेली. आधी मागची खिडकी गेली, मग खुंट्या गेल्या, मग मास्तरांची बसायची चौकी गेली. आम्ही सतराजण पुढे पुढे सरकत फळ्याच्या इतके जवळ आलो, की मास्तर वर्तुळ काढायला लागले की पहिल्या ओळीतल्यांनी माना खाली घालायच्या.

मास्तर देशावरचे. आम्ही त्यांना नुसतं मास्तरच म्हणत असू. अंगानं काडी, आवाज मात्र भारदस्त, आणि बोलणं असं स्वच्छ की जणू धुऊन वाळत घातलेलं. बायको वारली होती, मूलबाळ नव्हतं. गाव सोडून एवढ्या लांब आले ते या वर्गासाठी. रुईच्या तंतूंनी त्यांना खोकला लागे. ओल्या फडक्यानं फळा पुसला की फळ्याला पांढरी लव चिकटे, मग ते ती लव नखानं एकेक वेचत बसत. बाहेर सगळं वऱ्हाड कापूस वेचत होतं आणि आत मास्तरही.

वर्तुळ काढायचं, त्रिज्या एक. मध्यातून एक रेघ तिरपी वर जाते. तिचं टोक जमिनीपासून जितकं उंच ती भुजज्या, आणि जमिनीवरून जितकं पुढे ती कोटिज्या. कोन वाढला की भुजज्या चढते, कोटिज्या आखडते. कोन लहान झाला की उलट. पण दोघींचे वर्ग करून मिळवा, उत्तर कायम एक. पहिल्या दिवशी हे ऐकून अंजनगावचा गणपत टाळी वाजवून ओरडला, "मास्तर, ह्या तं सवती झाल्या न जी! एक चढली का दुसरी उतरते, अन् दोघी मिळून घरात जागा तेवढीच धरते!"

वर्ग लोटपोट. मास्तर हसले नाहीत. क्षणभर विचार करून म्हणाले, "दोघींचे वर्ग मिळून, गणपत. नुसत्या दोघी मिळून नव्हे."

असा माणूस. थट्टेतलीसुद्धा चूक दुरुस्त करणार.

माझी मामी रोज जेवायला वाढताना चौकशी करी. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी आणि चौकशी.

"काहून रे नारायन, त्या तिकोनात काय गाडलं हाय? रोज उकरतं अन् रोज रिकाम्या हातानं येतं."

"मामी, सिद्ध करा लागते."

"काय सिद्ध करा लागते?"

"का दोन्ही बाजू सारख्या हायेत."

"मास्तरले माहीत नाई काय?"

"माहीत हाय न."

"तुले?"

"मलेबी माहीत हाय."

"मंग दोघायलेबी माहीत हाय तं भांडून कोनासंगं राह्यले?"

त्यानंतर मी पुष्कळ शहाणी माणसं पाहिली, पण या प्रश्नाला उत्तर देणारं कुणी भेटलं नाही.

आता मामा. माझा मामा कापसाच्या बाजारात दलाल होता, आणि सकाळी मी त्याच्यासोबत असे. आमच्या बाजाराची रीत अशी, की भाव तोंडानं बोलायचा नाही. विकणारा आणि घेणारा समोरासमोर बसतात, मधे उपरणं पसरतात, त्याखाली हातात हात. बोटं दाबून भाव सांगायचा, बोटं दाबून नाकारायचा. वर चेहरे दगडाचे. गप्पा पोरीच्या लग्नाच्या, बैलाच्या दुखण्याच्या. दलालाचं कसब एवढंच, की दोघांनाही थोडं थोडं हलवायचं. मामा सांगे, "एकट्यालेच हालवशील तं तो म्हनते मी लुटल्या गेलो. यालेबी हालव, त्यालेबी हालव. मधात कुठी तरी दोघं भेटतेतच. नाई भेटले तं भेटवा लागते."

हे मी सकाळी शिकायचो, आणि दुपारी भुजज्येला लावायचो.

मास्तरांनी एक सोपं गणित घातलं होतं: एकातून कोटिज्येचा वर्ग वजा करा, त्याला भुजज्येनं भागा, हे भुजज्येइतकंच असतं, सिद्ध करा. मी काय केलं? डावीकडची भुजज्या उचलून उजवीकडे दिली. उजवीकडं जड झालं, म्हणून कोटिज्येचा वर्ग तिकडे लोटला. याला थोडं, त्याला थोडं, असं करत शेवटी दोघांना "एक बरोबर एक" वर आणून बसवलं आणि पाटी पुढे केली. विड्याचं पान तेवढं द्यायचं राहिलं होतं.

"हे सुरू कुठून केलंस?" मास्तरांनी विचारलं.

"दोन्हीकडून, मास्तर."

"म्हणजे जे सिद्ध करायचं तेच आधी खरं धरून?"

"खरं धरल्याबिगर दोघायले जवळ बसवाचं कसं जी?"

मास्तर मागच्या बोऱ्यावर मटकन बसले. मग त्यांनी आमच्या सतरा पाट्या एकेक करून पाहिल्या. सतराच्या सतरा पाट्यांवर सौदा पटलेला होता. कुणाचा बाप दलाल, कुणाचा काका अडत्या, आणि ज्याचं कुणीच नाही तोही बाजारात बसूनच लहानाचा मोठा झालेला. दोन बाजू म्हणजे दोन गिऱ्हाइकं, आणि बरोबरची खूण म्हणजे मधलं उपरणं, हे आम्हाला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

"अरे, एकच बाजू धरा," मास्तर जवळजवळ विनवणीनं म्हणाले. "तिचं रूप बदला, तिला चालवत न्या. दुसरीनं जागचं हलायचं नाही. ती काही तुमच्याशी बोलायला बसलेली नाही. ती आहे तिथे आहे."

ते आम्हाला उद्धटपणाचं वाटलं. एक बाजू एवढी चालत येते आणि दुसरी जागची हलतसुद्धा नाही? आमच्याकडे अशा माणसाच्या दारात कुणी दुसऱ्यांदा जात नसे.

खोली लहान होत गेली, तसा वर्गही. खोलीत सतरा माणसं मावेनात, पण त्याची काळजी करायचं कारण उरलं नाही, कारण आठवड्याला दोघं-तिघं कापसाकडे पळतच होते. पौषात गणपत उभा राहिला.

"मास्तर, मी जातो जी. बाप म्हनते, वेचनीले मानूस भेटत नाई अन् तू सवती सांभाळून राह्यला."

"गणित अर्धं आहे, गणपत."

"राहू द्या जी. माह्या हातून पुरं व्हाचं नाई ते."

तो गेला आणि मी एकटा उरलो. सतरातला एक. बोऱ्यांच्या दोन भिंती, मधे एक फळा, एक खोकणारा माणूस आणि मी. त्याच आठवड्यात अकोल्याहून पत्र आलं होतं. मास्तरांनी ते मला वाचून दाखवलं. अकोल्याच्या परीक्षेत या वर्गातला निदान एक उमेदवार पास झाला तर वर्ग पुढच्या सालीही चालेल, नाहीतर बंद. त्यांनी पत्राची घडी घातली.

"एक उमेदवार म्हणजे तू," ते म्हणाले. "आणि वर्ग म्हणजे मी."

मी खूप पुण्यवान म्हणून टिकलो असं समजू नका. मळ्यातली वांगी तोडायचा मला कंटाळा होता, हे एक. दुसरं असं, की त्या पंधरवड्यात एका दुपारी मला एक गणित जमलं. खरोखर जमलं. डावीकडून निघालो, उजवीकडे ढुंकून पाहिलं नाही, तिसऱ्या ओळीत वर्गांची बेरीज आपसूक एक झाली, आणि मान वर करतो तर दुसरी बाजू समोर. तिला मी बोलावलं नव्हतं, ओढलं नव्हतं, काही दिलं नव्हतं. मास्तरांनी उपरण्याच्या गाठीतून गुळाचा खडा काढून माझ्या हातावर ठेवला. त्या गुळालाही रुई चिकटलेली होती. मी रुईसकट खाल्ला.

आज मी स्वतः दलाल आहे. मामा गेला, त्याची गादी माझ्याकडे आली. बाजारात माझ्या नावाला वजन आहे. ज्यांचं कुणाशी पटत नाही त्यांना लोक माझ्याकडे आणतात. मी पटवतो. यालाही हलवतो, त्यालाही हलवतो, लग्नाच्या गोष्टी काढतो, हसवतो, आणि उठताना दोघंही मला दुवा देतात. तेव्हा आमच्या त्या वर्गाचं काय झालं असेल हे तुम्ही ओळखलंच असेल. तो बुडाला. वऱ्हाडची शेतं मोजायला दुरून माणसं आली, आमच्या भातकुलीचा मळाही त्यांनीच मोजला. लढाई संपली तशी कापसाची तेजी उतरली, शेंब्या मोडल्या, गोंडे वाळवीनं खाल्ले. मास्तर कुठे गेले कुणाला कळलं नाही. कुणी खानदेश म्हणालं, कुणी गावी परतले म्हणालं. गोष्ट बुडण्याची आहे, आणि वर्ग कशानं बुडाला तेवढंच सांगायचं राहिलं आहे.

अकोल्याला दमणीनं दोन दिवस लागले. मामानं बैल दिले, मामीनं दशम्या दिल्या. वाटेत एका शेतात हुरडा खाल्ला. मास्तर येऊ शकत नव्हते, खोकला वाढला होता, निघताना म्हणाले, "घाई करू नकोस. एक बाजू. एकच." परीक्षा एका बंगल्याच्या पडवीत होती. निरनिराळ्या गावांचे आम्ही दहा-बाराजण मांडी घालून बसलो, आणि कारकुनानं हातानं नकलून काढलेले प्रश्नांचे कागद वाटले. साखळीचे प्रश्न सोडवले, क्षेत्रफळाचे सोडवले. हात चालत होता. शेवटचं गणित सिद्ध करायचं.

भुजज्येच्या वर्गातून कोटिज्येचा वर्ग वजा करा, दोघींच्या बेरजेनं भागा. हे कोटिज्या वजा भुजज्या याच्याबरोबर आहे, सिद्ध करा.

मी डावीकडून निघालो. वर्गांची वजाबाकी फोडली: दोघींची बेरीज गुणिले दोघींची वजाबाकी. बेरजेला बेरीज गेली. उरलं भुजज्या वजा कोटिज्या. मान वर केली, आणि दुसरी बाजू तिथे नव्हती. कागदावर होतं कोटिज्या वजा भुजज्या. उलट. पाचातून तीन गेले तर दोन उरतात. तिनातून पाच काढायला गेलात तर दोन कमी पडतात. हे मामीलाही सांगता आलं असतं.

पुन्हा केलं, तेच आलं. मग मी एक युक्ती केली, जी मास्तरांनी कधी शिकवली नव्हती. म्हटलं, एक खरा कोन घालून बघू. काटकोन घातला. काटकोनात भुजज्या एक, कोटिज्या शून्य. डावीकडे एक आला, उजवीकडे उणे एक. म्हणजे हे गणित खोटं होतं. नकलताना कारकुनाचा हात चुकला होता.

मला कळलं होतं. हे लक्षात ठेवा.

पण सरकारचा कागद, त्यावर "सिद्ध करा" असं लिहिलेलं. मी भाजीवाल्याचं पोरगं, सतरातलं उरलेलं एक. सिद्ध करा म्हटलं की सिद्ध करायचं, नाही कसं म्हणायचं? दोन पक्ष समोरासमोर बसलेत, पटत नाही, आणि दलाल उठून चालला असं कधी कुणी पाहिलंय? माझा हात आपोआप उपरण्याखाली गेला. मी दोन्ही बाजूंचे वर्ग केले. वर्ग केला की अधिक आणि उणे दोघंही अधिकच होतात, ओळख बुजते. इकडचा वर्ग, तिकडचा वर्ग, अगदी सारखे. खाली लिहिलं: "म्हणून सिद्ध." आणि दोनदा अधोरेखा ओढली. खरं सांगतो, त्या घडीला मला फार हुशार वाटलं.

संक्रांत होऊन गेल्यावर मास्तरांचं बोलावणं आलं. वखारीत आता दोन माणसं उभी राहतील एवढीच जागा होती. फळा आडवा करून बोऱ्यांवर टाकलेला, मास्तर फळ्यामागच्या, आता रिकाम्या भिंतीशी उभे. दाराबाहेर दोन हमाल शेवटचे बोरे घेऊन बसले होते. मास्तरांच्या हातात अकोल्याहून आलेला माझ्या उत्तरांचा कागद होता आणि दुसरा एक, त्यांच्या अक्षरातला.

"परीक्षा घेणाऱ्या साहेबांना चूक कळली आहे," ते म्हणाले. "तो प्रश्न त्यांनी सगळ्यांचा रद्द केला. ज्यांनी कोरा सोडला त्यांचं काही बिघडलं नाही. तो सोडून तुझं बाकी सगळं बरोबर आहे, नारायणा. तू पास होतास."

"होतो?"

"इतक्या उमेदवारांत तू एकट्यानं तो सिद्ध केलास. साहेब विचारतात, या माणसाला समजलं नाही, की समजूनसुद्धा यानं असं केलं? समजलं नसेल तर ते पुन्हा परीक्षा घ्यायला तयार आहेत. समजून केलं असेल तर असा माणूस मोजणीत नको." खोकल्याची उबळ आली ती त्यांनी उपरण्यात दाबली. "मी लिहून ठेवलं आहे, की माझ्या विद्यार्थ्याला ती चूक कळली नव्हती. सही करायची राहिली आहे. आधी तुला विचारतो. कळली होती का?"

मी आयुष्यभर बोलण्यावर जगलो. त्या दिवशी फक्त एक "नाई जी" म्हणायचं होतं. माझी जागा, त्यांचा वर्ग, सगळं त्या एका शब्दात होतं, आणि मास्तरांच्या डोळ्यांत तो शब्द यावा म्हणून इतकी आर्जवं होती, की मला त्यांच्याकडे बघवेना. पण त्या माणसानं सवतींच्या थट्टेतलीसुद्धा चूक 'दोघींचे वर्ग' म्हणून सुधारली होती. त्याच्या सहीवर माझं खोटं बसवणं मला जमेना.

"कळली होती, मास्तर."

"कशावरून?"

"काटकोन घालून पाह्यला जी. डावीकडं एक आला, उजवीकडं उणे एक."

आणि त्यांचा चेहरा उजळला. शपथेवर सांगतो, उजळला. जेमतेम एक श्वासभर. "तुझं तुला सुचलं?" त्यांनी विचारलं. "मी नव्हतं शिकवलं."

"माह्यं मलेच सुचलं जी."

"एवढीच एक ओळ लिहायची होती," ते म्हणाले. "एवढीच."

मग त्यांनी सही न करता ते पत्र दुमडलं, माझ्या उत्तरांच्या कागदात घातलं, आणि भिंतीपासून बाजूला होत हमालांना आपल्या त्या स्वच्छ मराठीत हाक मारली, "या रे. आता भिंतीपर्यंत लावा."